दुष्काळी चारा म्हणून दिलेलं बी

सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात, वावीच्या बाजूला ज्यांची जिरायत आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. पावसाळ्याच्या तोंडावर एक माणूस रंगीत माहितीपत्रकं घेऊन वस्त्या-वस्त्यांवर फिरत होता. 'अ‍ॅस्ट्रॅगॅलस' नावाची रानटी वनस्पती, पाण्याशिवाय माळावर येते, पाला शेळ्यांना होतो आणि मुळं सहा महिन्यांनी कंपनी स्वतः विकत घेते, असं त्याचं सांगणं. एकरी बियाण्याचे साडेसहा हजार रोख. करार म्हणून छापील कागद दिला, त्यावर ना शिक्का, ना परवाना क्रमांक. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी आमची काय परवड होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, आणि घात तिथंच झाला. बी टणक आहे, पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर भिजवा, म्हणाला. तसं केल्यावर उगवण झकास झाली. पण टणक कवचाच्या बहुतेक रानटी शेंगवर्गीय बियांना हा उपाय लागू पडतो. नुसत्या उगवणीवरून जात कळत नाही.

पुढं जांभळट फुलं आली, चपट्या, किंचित वाकड्या शेंगा धरल्या. शेजारच्या म्हातारीनं बघितलं आणि म्हणाली, "आरं, ही तर उन्हाळी! बांधावर फुकट उगवती, हिचे पैशे दिले व्हय?" नाशिकच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फांदी दाखवली. त्यांनी एक पर्णिका, म्हणजे पानातलं एक छोटं पान, दोन्ही टोकांना धरून ओढली. ती सरळ न फाटता इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाटली. उन्हाळीची, म्हणजे शरपुंख्याची, ही हमखास खूण. अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या बऱ्याच जातींत शेंग फुगीर असते आणि आडवी कापली तर आत पडदा पडून दोन कप्पे दिसतात. आमच्या शेंगेत एकच कप्पा होता. शेळ्यांनी तर त्या पाल्याला तोंडही लावलं नाही.

सरांनी पुढं जे सांगितलं त्यानं मात्र अंगावर काटा आला. अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या जगात तीन हजारांच्या आसपास जाती आहेत. भारतातल्या बहुतेक हिमालयात, लडाखसारख्या थंड कोरड्या मुलखात. काही जाती चाऱ्याच्या आहेत, पण काही चक्क विषारी. अमेरिकेत त्या खाऊन गुरं-मेंढ्यांचा तोल जातो, जनावरं दगावतात. म्हणजे त्या माणसानं खरोखर अ‍ॅस्ट्रॅगॅलस दिलं असतं आणि जात भलतीच निघाली असती, तर आमचा गोठा रिकामा झाला असता. औषधी मुळांची जात चीन-मंगोलियाकडची आहे आणि तिची मुळं काढायला तीन-चार वर्षं जावी लागतात. सहा महिन्यांची गोष्ट शुद्ध थाप होती.

असं कुणी दारात आलं तर पूर्ण शास्त्रीय नाव लिहून मागा. अ‍ॅस्ट्रॅगॅलस एवढंच म्हणणं म्हणजे नुसतं आडनाव सांगण्यासारखं आहे. फुलाशेंगांसकट वाळवलेली फांदी मागा, फोटोवर जाऊ नका. पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख हवी. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, सत्यप्रतला, म्हणजे ज्याच्या दर्जाची हमी कंपनी स्वतःच देते त्याला, हिरवं. पक्की पावती नसेल तर दमडी देऊ नका. आणि आधीच फसला असाल तर रागाच्या भरात पीक मोडू नका, पंचनामा उभ्या पिकाचाच होतो. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

मी अर्ज दिलाय, सोबत उरलेलं बी आणि तो करारही जोडलाय. त्या माणसाचा फोन दिवाळीपासून बंद आहे. तसलीच माहितीपत्रकं आता येवला-नांदगावकडं वाटली जाताहेत, असं तिकडच्या पाहुण्यांनी कळवलंय. तिकडं तुमचं कुणी असेल तर आजच फोन करून सांगा.