पचनसंस्थेचं मॉडेल: क्लासमध्ये सहा-सात महिने वापरल्यावर

नाशिकला सिडकोत सातवी ते दहावीचा विज्ञानाचा क्लास घेते. जूनमध्ये पचनसंस्थेचं बोर्डावर बसवलेलं हे मॉडेल ऑनलाइन मागवलं, साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. पोरांच्या हातून भरपूर गेलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी चांगलं. जठर उघडतं. आतल्या घड्या बोटाला लागतात; जेवताना याच उलगडतात आणि लिटरभर तरी सहज मावतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. यकृत उचललं की खाली हिरवं पित्ताशय दिसतं. पित्त तयार करतं यकृत, पित्ताशय नुसतं साठवतं. हमखास चुकणारा हा प्रश्न यंदा फारसा कुणाचा चुकला नाही. पैसे तिथंच वसूल.

आता तक्रारी. स्वादुपिंड जठरामागे नुसतं रंगवलंय, हाताला काही लागत नाही. पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, चरबी असं सगळं पचवणारे विकर ज्याच्या रसात असतात, त्याच्या वाट्याला पिवळा फराटा! यकृत पोकळ प्लास्टिकचं. खरं दीड किलोच्या घरात भरतं, म्हणून मी शेजारी तेवढ्या बाजरीची पिशवी ठेवते. जठराच्या झाकणाचं चुंबक पावसाळ्यातच निघालं, फेविक्विकनं चिकटवलं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर नाही.

खरी गोची लहान आतड्याची. एकाच साच्यातला गुंता, उलगडतच नाही. मग मुलांना वाटतं, मोठं आतडंच लांब. नाव जाडीवरून पडलंय, लांबीला ते दीडच मीटर. लहान भरतं साधारण सहा मीटर. त्यासाठी वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. मुलं ओळीनं धरतात, शेवटचा थेट गॅलरीत पोचतो. आतून त्याला मखमलीसारखी लव असते, तीही मॉडेलमध्ये नाही. जुनी पुस्तकं या आतल्या पृष्ठभागाला टेनिस कोर्टाएवढा म्हणतात. २०१४ साली स्वीडनच्या संशोधकांनी नव्यानं मोजलं तेव्हा अख्ख्या पचनमार्गाचा मिळून ३० चौरस मीटरच्या आसपास निघाला. तरी आमच्या खोलीपेक्षा मोठाच.

आणि मॉडेल ढिम्म हलत नाही, हे ओघानं आलंच. उलटं लटकून घास गिळला तरी तो जठरात जातो, कारण अन्ननलिकेचे स्नायू त्याला ढकलत नेतात, हे शेवटी हातवारे करूनच सांगायचं. पोरांचे प्रश्नही नाशिकचेच. "मॅडम, झणझणीत मिसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी सकाळी का जळतं?" हशा पिकतो, पण प्रश्न रास्त आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन सगळंच शोषलं जात नाही, आणि ते ओळखणारी चेतातंतूंची टोकं तोंडासारखीच गुदद्वारापाशीही असतात. द्राक्षाची बी, मक्याच्या दाण्याचं साल तसंच का बाहेर पडतं? सेल्युलोज पचवणारा विकर माणसाकडे नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडंफार फोडतात, तेवढंच.

दहावीपर्यंतच्या क्लासला जरूर घ्या. अकरावी-बारावीला पुरणार नाही. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कुठं उघडतात, ते यात दाखवलेलंच नाही. खोकं आल्या आल्या चुंबकं ओढून बघा, परत करायची मुदत सातच दिवसांची आहे.