मिड-इंजिन ट्रॅक कार, अकरा महिन्यांच्या वापरानंतर : रेडिएटरचा दोष नव्हता

जानेवारीत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दुसऱ्या सत्राच्या सातव्या फेरीत मी बांधलेल्या गाडीचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील, गेले. जळगावहून पिकअपवर लादून गाडी हजार किलोमीटरहून अधिक अंतर नेली होती, दोन दिवसांचे शुल्क आधीच भरले होते, आणि प्रत्यक्ष चालवायला मिळाली ती जेमतेम बावीस मिनिटे. त्या दिवसापासून हा अनुभव लिहायचे मनात होते, पण कारण नक्की कळल्याशिवाय लिहिणे योग्य वाटले नाही. ते आता कळले आहे.

गाडीची रचना थोडक्यात सांगतो. सीमलेस पाइपची चौकट, आसनामागे आडवे बसवलेले मारुती एस्टीमचे जी१३बीबी इंजिन, म्हणजे १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ अश्वशक्ती, आणि त्याच गाडीचा गिअरबॉक्स. पुढच्या चाकांना ओढणारा संच जसाच्या तसा उचलून चालकाच्या मागे ठेवण्याची ही पद्धत जुनी आहे. फियाटने १९७२ मध्ये एक्स१/९ ही गाडी फियाट १२८चा संच वापरून अशीच बनवली होती. हे इंजिन मी निवडले, कारण त्याचे सुटे भाग जळगावात आजही मिळतात आणि त्याचे वजन कमी आहे. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. एकूण खर्च चार लाख साठ हजार झाला. गाडी रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि ही तर नोंदणीच नसलेली गाडी आहे. म्हणून जिनिंगचा हंगाम नसताना एका नातेवाइकांच्या मिलच्या आवारात सराव करायचा आणि ट्रॅकवर लादून न्यायची, एवढाच तिचा वापर.

चालवायला ती कशी आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा मजकूर तक्रारीचा आहे. वजनाचा मोठा भाग दोन्ही आसांच्या मध्ये असल्याने ती वळणात शिरताना जराही आढेवेढे घेत नाही. स्टिअरिंग हलवले की नाक तिकडे वळलेले असते. १९५९ आणि १९६० मध्ये इंजिन मागे असलेल्या कूपरमधून जॅक ब्रॅबहॅम यांनी फॉर्म्युला वनची लागोपाठ दोन विश्वविजेतेपदे का मिळवली, हे मला पुस्तकापेक्षा त्या पहिल्या दहा वळणांत अधिक समजले. मात्र वळणाच्या मधोमध घाबरून अॅक्सलरेटर सोडला तर मागचा भाग तितक्याच चटकन बाहेर पळतो. एस्टीमचे पुढचे हब मी मागेही वापरले आहेत. त्यांचे स्टिअरिंगचे हात चौकटीला रॉडने बांधावे लागतात, आणि त्या रॉडची लांबी व उंची खालच्या आर्मशी जुळली नाही तर सस्पेंशन दबताना मागची चाके आपोआप वळतात. ते जुळवण्यात माझा ऑगस्ट गेला. तो वेळ सार्थकी लागला.

आता मूळ विषय. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे कूलंटला, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाला, जाता-येता मिळून जवळजवळ सहा मीटर पाइपातून फिरावे लागते. गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या जुलैपासूनच तापमानाचा काटा अधूनमधून वर चढायचा आणि मग आपोआप खाली यायचा. तो खाली आला की मला हायसे वाटायचे. पहिले सहा महिने माझे ठाम मत होते की एस्टीमचा रेडिएटर या कामाला अपुरा आहे, आणि त्या मताला आपल्याकडच्या हवेचा आधारही होता. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ चा असतो. हवा ४५ अंशांची झाली की तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घटते. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून मी साडेचौदा हजार रुपये देऊन अॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर मागवला. दुसऱ्याच महिन्यात त्याच्या टाकीच्या वेल्डमधून पाझर सुरू झाला. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, पावती पाठवली, आठ वेळा फोन केले. शेवटी उत्तर आले की शर्यतीच्या वापराला हमी लागू नाही. वस्तू विकताना तिची जाहिरात ट्रॅकसाठी म्हणून करायची आणि दोष निघाल्यावर ट्रॅकचेच कारण पुढे करायचे, हे वागणे मला आजही पटत नाही. एमआयडीसीतील एका वेल्डरकडून टिग वेल्डिंगने तो पाझर चारशे रुपयांत बंद झाला.

मग एका अनुभवी मेकॅनिकच्या सल्ल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढला. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. डिसेंबरच्या सकाळी शेडमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवूनही तापमान ६० च्या वर जात नव्हते, म्हणजे थंड इंजिनाला लागणारे जास्तीचे पेट्रोल ते सतत पीत होते. आणि जोरात चालवली की काट्याचा चढउतार पहिल्यासारखाच.

त्यानंतर जानेवारी. सातव्या फेरीत काटा १०५ पर्यंत गेला आणि सरळ रस्त्यावर झपाट्याने ८० वर उतरला. मी निश्चिंत होऊन पुढचे वळण घेतले. दोन वळणांनंतर आरशात पांढरा धूर दिसला. घरी आणून हेड उघडले आणि त्यावर सरळपट्टी ठेवून फीलर गेज घातला, तर मध्यभागी ०.१२ मिलिमीटरची फट होती, मर्यादा ०.०५ची आहे. हेड प्लेन करणे, गॅस्केट, बोल्ट आणि मजुरी मिळून अकरा हजार दोनशे रुपये गेले.

कारण सापडले ते चोपड्याच्या मामांमुळे. त्यांची केळीची बाग आहे आणि दीड किलोमीटरची पाइपलाइन आहे. फेब्रुवारीत ते घरी आले असता शेडमध्ये उघडी गाडी पाहत उभे राहिले. पाइप इंजिनातून खाली उतरून चौकटीच्या कडेने पुढे जातात आणि स्टिअरिंग रॅक ओलांडण्यासाठी तिथे कमान करून वर चढतात. त्या कमानीवर बोट ठेवून मामा म्हणाले, "भाचा, आठे पाइपमा हवा अडकेल शे. एअर व्हॉल्व्ह कोठे शे?"

शेतातल्या पाइपलाइनीला प्रत्येक चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह लागतो, हे मला लहानपणापासून माहीत होते. मी मात्र मागच्या झाकणातून कूलंट ओतत होतो आणि पुढच्या कमानीतली हवा दोन्हीकडून कोंडली जात होती. हवेचा तो गोळा प्रवाह अडवायचा आणि वेग वाढला की सुटून हेडमध्ये जायचा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरे तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ आली की काटा खाली येतो आणि धातू मात्र तापतच राहतो. ज्या उतरत्या काट्याने मला सहा महिने दिलासा दिला, तोच धोक्याचा इशारा होता. लांब पाइपांच्या गाडीत ही अडचण नवी नाही; सुरुवातीच्या लोटस एलिस या मिड-इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हरचे अॅल्युमिनियमचे के सिरीज इंजिन होते आणि त्याची हेड गॅस्केटे याच कुळातल्या कारणांसाठी बदनाम झाली.

उपाय स्वस्त निघाला. लेथवर हवा काढण्यासाठी पितळेचे दोन निपल करून घेतले, एक कमानीच्या माथ्यावर आणि एक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात. इंजिनाच्या सर्वांत उंच बिंदूपेक्षा वर एक छोटी टाकी बसवली, तिला ०.९ बारचे झाकण लावले आणि रेडिएटरच्या निपलपासून तिच्यापर्यंत सहा मिलिमीटरची नळी कायमची जोडली. कमानीचा निपल फक्त भरतेवेळी उघडायचा. कूलंट भरताना गाडीचे नाक जॅकवर उचलून घेतले. निपल सैल केल्यावर आधी नुसती फुसफुस झाली, मग फेस आला, मग पुन्हा हवा, आणि तब्बल दहा मिनिटांनी हिरवे कूलंट सलग धारेने बाहेर आले. त्या दिवशी आधीपेक्षा सव्वा लिटर कूलंट जास्त बसले. याचा अर्थ तेवढी हवा मी कोइम्बतूरपर्यंत नेऊन आणली होती.

थर्मोस्टॅट परत बसवला. टाकीत पातळी दाखवणारा फ्लोट स्विच बसवून त्याचा लाल दिवा स्टिअरिंगसमोर घेतला, आणि हेडच्या धातूचे तापमान मोजणारा वेगळा सेन्सर लावला. असे वाहन बांधणाऱ्याने एकच गेज घ्यायचे ठरवले तर कूलंटऐवजी धातूचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्या कामाला दोन हजार तीनशे रुपये लागले.

रेडिएटरबद्दलचे माझे मत तपासून पाहणे मात्र बाकी होते. एप्रिलच्या शेवटी, बाहेर ४२ अंश असताना, मी अॅल्युमिनियमचा रेडिएटर मुद्दाम उतरवला आणि एस्टीमचा जुनाच बसवला. त्याच्या चारही बाजूंच्या फटी पत्रा आणि रबराने बंद केल्या, कारण हवेला बाजूने जायला वाट असेल तर ती जाळीतून जात नाही. मिलच्या आवारात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग वीस मिनिटे गाडी पिळून काढली. काटा ९४ वर गेला आणि तिथेच राहिला. हेडचा सेन्सरही स्थिर होता आणि लाल दिवा एकदाही लागला नाही.

साडेचौदा हजारांचा रेडिएटर आता माळ्यावर आहे. पुढची फेरी पावसाळ्यानंतर कोइम्बतूरलाच आहे आणि एस्टीमचाच रेडिएटर घेऊन जाणार आहे. त्याआधी इंजिनाच्या कप्प्यातली गरम हवा बाहेर काढण्यासाठी मागच्या झाकणाला जाळी कापायची आहे, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा तीन मिनिटे फिरत राहील असा रिले बसवायचा आहे.