पियाजिओ एमपी३: झुकणारी तीनचाकी घेण्याआधी तिचा पुढचा सांगाडा समजून घ्या

पॅरिसच्या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ही गाडी डोळ्यांसमोरून जाते. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळणावर तिन्ही चाकं मोटरसायकलसारखी आत झुकलेली. पियाजिओने एमपी३ बाजारात आणली २००६ मध्ये. त्यानंतर १२५ पासून ५३० सीसीपर्यंत बरीच मॉडेल निघाली, इंजिनं बदलली, एबीएस आलं, पण पुढच्या झुकणाऱ्या सांगाड्याची मूळ कल्पना तीच राहिली. याच कंपनीचा बारामतीला कारखाना आहे, तिथे आपे आणि व्हेस्पा बनतात. एमपी३ मात्र कंपनी भारतात विकत नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः युरोपात राहणाऱ्या आणि सेकंडहँड एमपी३ घेऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि झुकणारं सस्पेन्शन नेमकं कसं चालतं याची उत्सुकता असणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

इंजिन, सीट, डिकी यांवर फार वेळ घालवायला नको. इंजिन नेहमीच्या मॅक्सी स्कूटरचं, गिअर आपोआप बदलणारे, सीटखाली भरपूर जागा. पैसे मोजायचे ते पुढच्या भागासाठी.

गाडीच्या मधोमध एक जाड नळी आहे. तिला वर आणि खाली आडवे आर्म बिजागऱ्यांवर बसवलेले आहेत. ॲल्युमिनियमचे असे एकूण चार आर्म. त्यांच्या दोन्ही टोकांना दोन उभ्या नळ्या, बेअरिंगवर फिरणाऱ्या. प्रत्येक उभ्या नळीच्या खाली एका बाजूने धरलेलं चाक आणि त्याचा स्वतंत्र शॉकअप. सांधे ढिले झालेली खाट बाजूने ढकलली की चौकट कलते, पण पाय एकमेकांना समांतरच राहतात. इथेही तसंच होतं. गाडी डावीकडे झुकली की दोन्ही पुढची चाकं तेवढीच डावीकडे झुकतात, आडवे आर्म मात्र जमिनीला समांतर राहतात.

या रचनेतली खरी हुशारी एका आकड्यात दिसते. मूळ एमपी३ च्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर ४२० मिमी. गाडी जास्तीत जास्त ४० अंश झुकते. तेवढं झुकताना गाडीच्या अंगाच्या हिशेबाने आतलं चाक सुमारे १३५ मिमी वर जातं आणि बाहेरचं तेवढंच खाली, म्हणजे दोघांत २७० मिमीचा फरक पडतो. शॉकअपची हालचाल फक्त ८५ मिमीची आहे. झुकण्याचं काम स्प्रिंगवर सोपवलं असतं तर ते जमलंच नसतं. म्हणून डिझाइन करणाऱ्यांनी दोन कामं वेगळी केली. झुकायचं आर्म आणि नळ्यांच्या चौकटीने, खड्डे गिळायचे शॉकअपने. पूर्ण झुकलेल्या गाडीतही शॉकअपची हालचाल त्यामुळे शिल्लक राहते आणि भर वळणात खड्डा आला तरी चाक जमीन सोडत नाही.

हेच काम चारचाकीत करायला गेलं की अडचण कळते. मर्सिडीजने २०१४ च्या एस-क्लास कूपेमध्ये वळणावर आत झुकणारी बॉडी दिली. कॅमेरा पुढचं वळण ओळखतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर एका बाजूचे स्ट्रट (सस्पेन्शनचे उभे खांब) उचलतात, दुसऱ्या बाजूचे खाली घेतात. ताशी ३० ते १८० किमी वेगात हे चालतं, पण झुकाव जेमतेम २.५ अंश. दीड-पावणेदोन मीटर रुंदीच्या गाडीत तेवढ्यासाठीच दोन्ही बाजूंत ७० मिमीच्या आसपास फरक करावा लागतो, आणि तो सस्पेन्शनच्या हालचालीतूनच काढावा लागतो. वळणात प्रवाशाला जाणवणारा बाजूचा ओढा त्याने थोडा कमी होतो, आराम वाढतो. वळण घेण्याची गाडीची क्षमता त्याने वाढत नाही. शिवाय या झुकावासाठी पंपाची ताकद लागते. एमपी३ ला झुकायला ताकद लागतच नाही. चालवणारा डावं हँडल हलकं पुढे ढकलतो, गाडी डावीकडे कलते आणि वेगाच्या हिशेबाने स्वतःच तोल धरते. ताशी ४० किमीने २० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला साधारण ३२ अंश झुकावं लागतं. त्याच वळणावर ४० अंशांची मर्यादा येते ताशी ४६ किमीच्या सुमारास. चाळीशीतला वेग पुरेसा आहे असं वाटत असताना आणखी पाच-सहा किमीने मर्यादा गाठली जाते, हे लक्षात असू द्या.

यातून पुढची गोष्ट ओघाने येते, आणि शोरूममध्ये ती नीट सांगितली जात नाही. चालत्या एमपी३ चा तोल तीन चाकांमुळे राहत नाही, चालवणारा तो सांभाळतो. चौकट मोकळी असताना ही गाडी दुचाकीच आहे, पडायचं तर दुचाकीसारखीच पडते. तीन चाकांचा फायदा वेगळा आहे: पुढे पकडीच्या दोन जागा मिळतात. ओल्या रस्त्यावर एक चाक ट्रामच्या रुळावर किंवा मॅनहोलच्या झाकणावर घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं. दुचाकीवर पुढचं चाक सुटलं की सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून हा फायदा मोठा आहे. मागचं चाक मात्र एकच. ते घसरायचं तेव्हा घसरतंच. डिझेल सांडलेल्या गोलाकार चौकात वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर पिळला तर पुढची दोन चाकं वाचवू शकत नाहीत.

दुसरा फायदा खड्ड्यांचा, आणि आमच्या मते या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. एका चाकाखाली ६० मिमीचा उंचवटा आला तर मोकळी चौकट स्वतःच कलते आणि गाडीचं डोकं फक्त ३० मिमी उचललं जातं. अर्धा धक्का शॉकअप दबण्याआधीच निघून जातो. दगडी फरसबंदीवर ही गाडी इतकी शांत चालते ती यामुळे.

आता लॉकबद्दल. हँडलवरचं बटण दाबलं की चौकट आणि पुढचे शॉकअप हायड्रॉलिकने जखडले जातात. सिग्नलला पाय खाली न टेकता उभं राहता येतं, आणि विक्रेते सगळ्यात आधी हेच दाखवतात. वेग ताशी १० किमीच्या आसपास किंवा कमी असावा लागतो आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असावा लागतो. परत ॲक्सिलरेटर दिला की लॉक आपोआप सुटतं. ताशी १५ किमीच्या आसपास लॉक सुटावंच असं का, हे ढोबळ हिशेबाने पटतं. लॉक असताना गाडी पुढे ४२० मिमी रुंद आणि मागे टोकदार असा त्रिकोण असते. वजन मधोमध आणि जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंचीवर धरलं तर ती साधारण १० अंशांत उलटू शकते, आणि १० मीटरच्या वळणात ताशी १५ किमीलाच ती वेळ येते. म्हणजे जखडलेली एमपी३ ही खूपच अरुंद रिक्षा आहे, आणि तिचं एकटं चाक मागे आहे. लॉक लावून वळण घ्यायचं नाही, फूटपाथवरून तिरकी उतरवायची नाही.

लॉक वापरण्याची पद्धत ठरलेली आहे. सरळ रेषेत वेग कमी करा, गाडी अगदी उभी करा, चालण्याच्या वेगाला बटण दाबा, दिवा आणि बीप यांची खात्री करा, मगच पाय टेकायचे की नाही ते ठरवा. गाडी ज्या कोनात असते त्याच कोनात जखडली जाते. तिरकी जखडली असेल तर निघताना लॉक सुटताक्षणी ती त्याच बाजूला कलते, आणि दोनशे किलोहून जड गाडी एका पायावर येते. नवशिक्यांचे पडण्याचे प्रसंग बहुधा असेच असतात. कारवरून थेट या गाडीवर येणाऱ्यांचा आणखी एक गोंधळ होतो. लॉक असताना हँडल वळवायचं त्या दिशेला फिरवावं लागतं, लॉक सुटलं की मोटरसायकलसारखं त्या बाजूचं हँडल पुढे ढकलावं लागतं. रिकाम्या पार्किंगमध्ये एक सकाळ फक्त थांबणं आणि निघणं यावर घालवली तर हा गोंधळ मिटतो.

पार्क करताना फक्त लॉकवर भरवसा ठेवू नका. हायड्रॉलिक यंत्रणेत बारीक गळती असेल तर काही तासांत चौकट हळूहळू कलते. रात्रभर ठेवायची असेल तर मेन स्टँड लावा.

सेकंडहँड गाडी बघताना इंजिनच्या आवाजाआधी पुढचा भाग तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचा भाग जॅकने जरा उचला, लॉक सोडा आणि पुढची चाकं धरून चौकट डावी-उजवी कलवा. हालचाल एकसारखी यायला हवी. मध्येच अडकत असेल तर बिजागऱ्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलंय, ग्रीस वाळलंय. अशी गाडी रस्त्यावर सरळ जाताना डोलते, वळणातून उभी व्हायला आळस करते. ‘कट’ असा आवाज आला तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. मग एकेक चाक वर-खाली धरून हलवा, नंतर डावी-उजवीकडून. दुसऱ्या वेळी खटका लागला तर टाय रॉडचे (हँडलची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट बघा. चौकट पूर्ण उघडून बेअरिंग बदलण्याचं काम मजुरीला महाग पडतं, त्यामुळे इथे शंका आली तर किंमत पाडून मागा किंवा गाडी सोडा.

लॉक तपासायला इंजिन चालू ठेवून पाच-सहा वेळा लावा आणि सोडा. लॉक लागायला उशीर होत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर आधी बॅटरी तपासा. पंप विजेवर चालतो आणि अर्धमेली बॅटरी त्याला पुरत नाही. बॅटरी चांगली असेल तर टाकीतली ऑइलची पातळी, नळ्यांतली हवा आणि चाकाचा स्पीड सेन्सर या क्रमाने शोध घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलतात तेव्हा लॉकच्या सर्किटचंही बदलून एअर काढायला सांगा. अनेक गॅरेज तेवढंच विसरतात.

पुढचे टायर नेहमी जोडीने बदला, एकाच मेकचे. एकात हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि लोक उगाच अलाइनमेंटच्या मागे लागतात. महिन्यातून दोनदा हवा थंड टायरवर तपासली की बहुतेक तक्रारी तिथेच संपतात.

खरेदीआधी खिशात मोजपट्टी ठेवा. पुढच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ४२० मिमी असेल तर युरोपच्या नियमाने ती दोन चाकं एकच चाक धरतात आणि गाडी मोटरसायकल ठरते. ४६० मिमी किंवा जास्त असेल तरच ती तीनचाकी. म्हणून एलटी मॉडेलमध्ये हे अंतर ४६५ मिमी केलं आणि तिन्ही चाकांना एकत्र लागणारा पायाचा ब्रेक दिला. फ्रान्समध्ये कारच्या परवान्यावर एलटी चालवायला सात तासांचं प्रशिक्षण लागतं. इतर देशांत नियम वेगळे आहेत. कागदावर एल५ई (तीनचाकीचा युरोपीय वर्ग) लिहिलाय का ते बघा आणि स्थानिक परवाना कार्यालयात विचारून घ्या.

यामाहाची निकेन (२०१८) याच कल्पनेची दुसरी टोकाची गाडी. तिथे चौकट वर आहे आणि प्रत्येक चाकाला दोन-दोन फोर्क, ४५ अंशांपर्यंत झुकते, वजन २६३ किलो. लॉक नाही. पुढच्या चाकांतलं अंतर ४१० मिमी, म्हणजे मोटरसायकलचा परवाना हवाच. घाटातल्या रस्त्यावर तिचं हँडल एमपी३ पेक्षा कितीतरी जास्त बोलकं आहे. एमपी३ चं स्टीअरिंग पुढच्या वजनामुळे जड आणि जरा मुकं वाटतं. पेजोच्या मेट्रोपोलिसमध्ये पुढे एकच आडवा शॉकअप आहे. त्या गाडीवरून पियाजिओशी पेटंटचा वाद पॅरिस आणि मिलानच्या कोर्टात गेला, तेव्हा पेजोची दुचाकी कंपनी मुंबईच्या महिंद्राच्या मालकीची होती.

रोज शहरात ऑफिसला जायचं, पावसात, दगडी रस्त्यावर, ट्रामच्या रुळांमधून, आणि हातात फक्त कारचा परवाना असेल तर २०१४ नंतरची एबीएसवाली एलटी घ्या. त्या मॉडेलला पुढची चाकं १३ इंची आहेत, जुन्या १२ इंचीपेक्षा खड्ड्यात बरी. मोटरसायकलचा परवाना असेल आणि शनिवार-रविवारी डोंगरात जायचं असेल तर निकेन चालवून बघितल्याशिवाय एमपी३ ला पैसे देऊ नका. आणि २००६-०७ ची स्वस्त गाडी दिसली तर चौकटीच्या बेअरिंगचं बिल मालकाकडे आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारा.