१६६० सुपर काढून ४०६० बसवलं, आठ महिने झाले: काय बदललं, काय नाही बदललं

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी मी माझं जुनं ग्राफिक्स कार्ड (पीसीवर गेमचं चित्र बनवणारं कार्ड), म्हणजे जीटीएक्स १६६० सुपर, काढून आरटीएक्स ४०६० घेतलं. आता जुलै २०२५ लागलाय आणि मधल्या काळात ऑफिसमधल्या आणि नात्यातल्या मिळून पाच-सहा पोरांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "दादा, कार्ड बदलू का?" प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून झालंय, आता एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आधी माझा पीसी काय आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जानेवारी २०२० मध्ये असेंबल केलेला, रायझन ५ ३६०० सीपीयू (मुख्य प्रोसेसर), बी४५० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी डीडीआर४ रॅम (३२०० स्पीडवाली), ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि २४ इंची १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. सगळं लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. ठाण्याहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नला, ग्रँट रोडला उतरायचं, येताना मॉनिटरचा खोका दोघांनी धरून संध्याकाळच्या गर्दीत आणला होता, तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. नशीब चांगलं की तेव्हाच घेतलं, कारण नंतर लॉकडाऊन लागला आणि २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव असे काही चढले की जुनं १६६० सुपर लोक नव्याच्या किमतीपेक्षा जास्तीला विकत होते. त्यामुळे बदलायचा विचार तीन वर्षं नुसता विचारच राहिला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि सेकंडहँड कार्डांचा पूर आला. तेव्हा वाशीला एकाकडे आरटीएक्स ३०६० कार्डाचं १२ जीबी मेमरीवालं मॉडेल बघायला गेलो होतो. भाव बरा होता पण बिल नाही, आणि पीसीला लावून दाखवा म्हटलं तर तेही नाही. परत आलो. सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, पण बिल, उरलेली वॉरंटी आणि डोळ्यांसमोर निदान वीस मिनिटं फुल लोडवर चाललेलं कार्ड, या तीन गोष्टी नसतील तर पैसे देऊ नका, माणूस कितीही गोड बोलला तरी.

मग शेवटी घ्यायचं ठरलं ते सायबरपंक या गेममुळे. १६६० सुपरवर मीडियम सेटिंगला ४५-५० एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं दिसतात तो आकडा), गर्दीच्या ठिकाणी ४० च्या खाली, आणि मला तो गेम मनापासून आवडतो, असा अर्धवट दिसणारा नको होता. तीन कार्डं डोक्यात होती. एएमडीचं आरएक्स ६६०० सगळ्यात स्वस्त, एएमडीचंच आरएक्स ७६००, आणि एनव्हिडियाचं ४०६०. ७६०० आणि ४०६० दोन्ही ८ जीबी मेमरीची, ताकदही साधारण सारखीच, पण ७६०० खातं १६५ वॅट आणि ४०६० फक्त ११५. आता कोणी म्हणेल ५० वॅटने काय होतं, तर आमच्या कोलशेतच्या घरात माझी खोली पश्चिमेला आहे आणि एसी फक्त आई-बाबांच्या खोलीत. एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता पण भिंत हाताला गरम लागते. पीसी जेवढे वॅट खातो तेवढी सगळी उष्णता खोलीतच येते, ती कुठे जात नाही. आमच्याकडे दमट हवेत ५० वॅट जाणवतात, हे मी खात्रीने सांगतो. वर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) पाहिजेच होतं, म्हणून ४०६०. मला २८,६०० ला पडलं, तीन वर्षांची वॉरंटी.

बसवताना विशेष काही नाही. एकच ८ पिनची वायर, एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सांगतं तो होताच. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या प्रोग्रामने जुने ड्रायव्हर साफ केले, नवीन टाकले, अर्ध्या तासात काम संपलं.

पहिल्या रात्री सायबरपंक लावला आणि खरं सांगतो, मन भरून आलं. हायवर, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून खऱ्यासारख्या सावल्या-चमक दाखवणं) बंद, ८५ च्या आसपास एफपीएस, डीएलएसएस क्वालिटीला टाकलं तर त्याच्याही वर. रात्री दीडपर्यंत नुसता शहरात गाडी घेऊन फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर काउंटर स्ट्राइक २ हा बंदुकांचा गेम लावला आणि काहीच फरक नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही, आधी १६०-१७० यायचे, आता १७५. स्मोक (धुराचा बॉम्ब) पडला, दोन-तीन जण एकदम समोर आले की आधीसारखाच झटका. २८ हजार घालून हे? मला वाटलं कार्डच खराब आलं, दुकानात फोन पण केला, तो बिचारा म्हणाला आणून दाखवा.

इथे जे कळलं ते मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकून सोडून देतात. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतं, त्यातून गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर किती टक्के आहे ते दिसतं. एफपीएसवर कॅप (मर्यादा) किंवा व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) लावलेलं नसताना जीपीयू ९५-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, म्हणजे मोठं कार्ड घेतलं तर फायदा होईल. आणि जीपीयू ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड रिकामं बसलंय, सीपीयूकडून काम यायची वाट बघतंय. माझं काउंटर स्ट्राइकमध्ये ५२ टक्के होतं. अजून एक सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी ला आणायचं. एफपीएस वाढले तर अडथळा कार्डाचा, तेवढेच राहिले तर सीपीयू किंवा रॅमचा. ही परीक्षा मी जुन्या कार्डावर घेतली असती तर कार्ड घ्यायच्या आधीच कळलं असतं की सायबरपंकला कार्ड हवंय आणि काउंटर स्ट्राइकला नकोय.

मग शोधत बसलो आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड बघितला. २१३३. माझी रॅम ३२०० ची आहे आणि ती जानेवारी २०२० पासून २१३३ वर चालत होती. डीडीआर४ ची अशी वेगवान स्टिक लावली की बहुतेक वेळा बोर्ड तिला आपल्या सुरक्षित स्पीडवर चालवतो, खोक्यावर लिहिलेला स्पीड हवा असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी हे सेटिंग स्वतः चालू करावं लागतं. ज्याने असेंबल केला त्याने ते केलं नव्हतं आणि मी कधी बघितलं नाही. रायझनमध्ये तर रॅमच्या स्पीडवर सीपीयूच्या आतल्या जोडणीचा स्पीडही अवलंबून असतो, त्यामुळे नुकसान दुप्पट. एक्सएमपी चालू केलं, काउंटर स्ट्राइक २०० च्या पुढे गेला. एक रुपया खर्च नाही. जवळजवळ पाच वर्षं हे असंच चालू होतं याचं मला खूप वाईट वाटलं, आजही वाटतं.

फेब्रुवारीत ऑफिसमधल्या एका मित्राने एएम५ या नव्या पिढीच्या बोर्डावर सगळा नवीन पीसी केला आणि त्याचा जुना सीपीयू, रायझन ५ ५६००, मला ६,५०० ला दिला. बी४५० वर तो चालतो, फक्त आधी बायोस अपडेट करून घ्या, जुन्या बायोसवर स्क्रीनच येणार नाही. (अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो, म्हणून यूपीएस लावून करा. आमच्याकडे लाईट फारशी जात नाही पण पावसाच्या पहिल्या वादळात हमखास लुकलुकते.) ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश (सीपीयूच्या आतली वेगवान मेमरी) दोन भागांत वाटलेली होती, १६-१६, आणि ५६०० मध्ये सहाही कोअरना मिळून एकसंध ३२ आहे, गेमला त्याचा मोठा फायदा होतो. आता सरासरी एफपीएस तर वाढलेच, पण खरा फरक झटक्यांमध्ये आहे, स्मोकमधला तो झटका गेला. एकूण हिशोब केला तर माझ्या रोजच्या खेळाला २८,६०० पेक्षा या ६,५०० नी जास्त सुख दिलं, आणि ते मी कार्डावर खूश असूनही सांगतोय.

आता कार्डाच्या दुखण्याबद्दल. ८ जीबी. घेताना सगळे सांगत होते ८ जीबी कमी पडेल, मी म्हटलं १०८०पी ला काय होतंय. सायबरपंकला खरंच काही होत नाही. पण डिसेंबरमध्ये इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आला. तो गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाही, म्हणजे माझ्या १६६० सुपरवर तो उघडलाच नसता, तेव्हा कार्ड घेतल्याचं समाधान झालं. पण त्यात टेक्श्चर पूल (भिंती-वस्तूंच्या पृष्ठभागाच्या चित्रांसाठी किती मेमरी राखायची) नावाचं सेटिंग आहे, ते मीडियमच्या वर नेलं की गेम एकदम बसतो, ७० वरून १५-२० एफपीएसवर. कारण असंय की कार्डाची मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीच्या रॅममधून आणावा लागतो, आणि ४०६० बोर्डाशी बोलतं फक्त ८ लेनमधून (डेटाच्या वाटांमधून). नवीन बोर्डावर पीसीआयई ४.० (कार्ड आणि बोर्डामधली जोडणी) असतं तिथे सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, माझ्या बी४५० वर ३.० आहे, तिथे निम्मे, ८. मेमरी भरलेली नसेल तर हा फरक जाणवतच नाही, भरली की मात्र जुना बोर्ड जास्त मार खातो. म्हणजे गंमत बघा, असलं कार्ड जे लोक घेतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे माझ्यासारखेच जुने बोर्ड आहेत आणि त्रास त्यांनाच जास्त. टेक्श्चर मीडियमवर ठेवून मी तो गेम पूर्ण केला, छान दिसला, पण नव्या कार्डावर पहिल्याच महिन्यात-दोन महिन्यांत सेटिंग खाली आणावं लागलं हे मला खटकलं.

अजून एक, मेमरीची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो-येतो. जुन्या १६६० सुपरची ३३६ जीबी पर सेकंद होती आणि नव्याची २७२. कमी! त्याची भरपाई कार्डाच्या चिपमधल्या २४ एमबीच्या एल२ कॅशने केली आहे आणि १०८०पी ला ती पुरते. पण १४४०पी चा मॉनिटर घेऊन त्याला ४०६० लावायचा विचार असेल तर माझं मत नको असं आहे.

फ्रेम जनरेशनबद्दल सगळे विचारतात. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड एक स्वतः बनवून टाकतं. ६० च्या वर एफपीएस असतील तेव्हा सायबरपंकमध्ये मी लावतो, गुळगुळीत दिसतं. ३५-४० असताना लावलं तर आकडा ७० दाखवतो पण माउस जड लागतो, कारण हाताला जाणवतात त्या खऱ्या फ्रेम तेवढ्याच. वर ते मेमरीही खातं, जी आधीच कमी आहे. ४०६० फक्त यासाठी घेऊ नका. त्यापेक्षा डीएलएसएसचं अपस्केलिंग खरं कामाचं, क्वालिटीला आतून ७२०पी रेंडर होतं आणि चित्र १०८०पी चं मिळतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएसचं जे नवीन ट्रान्सफॉर्मर एआय मॉडेल आलं त्याने दूरच्या तारा, जाळ्या, पाट्यांवरची अक्षरं बरीच सुधारली. ते सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळालं, जुन्या २० सिरीजला सुद्धा, ही गोष्ट मला फार आवडली.

उन्हाळ्यात कार्ड ६८-७२ डिग्रीच्या वर गेलं नाही, फॅनचा आवाज खोलीतल्या पंख्याखाली ऐकू येत नाही. लाईटबिलात फरक नाही, जुनं १२५ वॅटचं होतं नवीन ११५. बाबांनी दोन महिने बिलं तपासली आणि मग विषय सोडला. धूळ मात्र भयंकर. घोडबंदर रोडच्या बाजूला मेट्रोचं आणि टॉवरचं काम चालू आहे, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर तीन आठवड्यात राखाडी थर बसतो. दर महिन्याला जाळी काढून धुतो, ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवतो, फिरू देत नाही.

मे २०२५ मध्ये याच्या पुढचं कार्ड, ५०६०, आलं. परत ८ जीबीच. वेग जास्त आहे, मेमरी नव्या पिढीची जीडीडीआर७ आहे, पण १४५ वॅट आणि ज्या गोष्टीचा मला त्रास झाला ती तशीच. आज मी नव्याने घेत असतो तर थोडं थांबून, पैसे जमवून १६ जीबीवालं बघितलं असतं, आरएक्स ९०६० एक्सटी किंवा ५०६० टीआय, पण दोन्हीचं ८ जीबीवालं मॉडेल पण त्याच नावाने विकतात, म्हणून खोक्यावर वाचून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको.

जुनं १६६० सुपर मी कळव्याला आतेभावाला दिलं, तो बारावीत आहे, त्याच्याकडे जुना आय५ आणि त्याहून जुनं कार्ड होतं. तो महिनाभर खूश होता आणि गेल्या रविवारी त्याचा फोन, "दादा, व्हॅलोरंट अडकतो रे, आत्या पैसे देतेय म्हणते, ४०६० घेऊ का तुझ्यासारखं?" (आत्या म्हणजे माझी, त्याची आई, तो पण तिला आमच्यासारखं आत्याच म्हणतो.) मी म्हटलं आधी आफ्टरबर्नर टाक, एक पूर्ण मॅच खेळ आणि कोपऱ्याचा फोटो पाठव. रात्री साडेदहाला फोटो आला. जीपीयू ४३ टक्के, सीपीयू ९७. मग टास्क मॅनेजरचा फोटो मागवला, तर चार स्लॉटपैकी एकच भरलेला, ८ जीबीची एकच स्टिक, सिंगल चॅनल, म्हणजे रॅमचा डेटा दोनऐवजी एकाच वाटेने. आत्याला सांगितलं पैसे ठेव तुझ्याकडेच. शनिवारी त्याच्याच जोडीची दुसरी ८ ची स्टिक घेऊन कळव्याला जाणार आहे, दोन्ही योग्य स्लॉटमध्ये लावून मग परत एक मॅच खेळून बघू.