बडोद्यातले मगर पकडणारे रेस्क्यूवाले: माझ्याकडून ५ पैकी ५

आम्ही अकोट्याला राहतो, विश्वामित्री नदी घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मगर काही नवी नाही, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या लहानपणापासून बघतोय. पण ऑगस्ट २०२४ ला गोकुळाष्टमीनंतर जो पूर आला ना, त्याचं पाणी ओसरलं आणि सकाळी सासूबाई तुळशीपाशी गेल्या तर स्कूटरच्या मागे मगर, चांगली ७ फुटी. चिखलाने एवढी माखलेली की त्यांना आधी वाहून आलेला ओंडकाच वाटला, मग ओंडक्याने डोळा उघडला.

पहिला नंबर लावला तो कोणी उचललाच नाही, २० मिनिटं त्यातच गेली. मग शेजारच्या काकांनी वनखात्याबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या टीमला फोन लावून दिला. त्या मुलाने आधी विचारलं काय, तर "काकी, त्यां केटला लोको भेगा थया छे?" म्हणजे तिथे किती लोक जमलेत. मगर केवढी आहे ते नंतर. सगळ्यांना वर पाठवा, कुत्रा बांधा, फाटक उघडं ठेवा, काठीने डिवचू नका, दगड तर अजिबात नको, आणि लांबून नजर ठेवा म्हणजे ती कुठे सरकली ते कळेल. खरं सांगते, तोवर सोसायटीतली पोरं मोबाईल घेऊन ५-६ फुटांवर उभी होती, मला मगरीपेक्षा त्यांचीच भीती वाटत होती, कारण मगर जमिनीवर सुस्त दिसली तरी थोडं अंतर झपकन धावते आणि शेपटीचा तडाखा वेगळाच.

यायला दीड तास लागला, पण रस्ते पाण्याखाली होते, त्याचे मार्क मी कापणार नाही. चौघं आले. लांबून दोरीचा फास जबड्यात अडकवला, डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती एकदम शांत झाली, मग एकजण पाठीवर बसला आणि तोंडाला टेप. जबडा मिटायची ताकद भयंकर पण उघडायचे स्नायू कमजोर, म्हणून साधी टेपसुद्धा पुरते, असं त्याने पोरांना समजावून सांगितलं. ओरडा नाही, मारणं नाही, १० मिनिटांत पिंजऱ्यात. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. पाणी उतरलं की परत नदीत सोडणार म्हणाले.

जाताना बजावून गेले की साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, गाडी काढायच्या आधी लांबूनच बॅटरी मारून खाली बघा, आणि स्वतः पकडायला जाऊ नका, जीव तर जाईलच पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही तो गुन्हा आहे.

नदीकाठी राहत असाल तर वनखात्याच्या ऑफिसातून तुमच्या भागातल्या टीमचा नंबर मागून घ्या आणि जूनच्या आत फ्रिजवर चिकटवा, दोन नंबर असू द्या, एक लागला नाही तर दुसरा.