जुन्या इंग्लिश कॉटेजच्या खिडक्या: दुरुस्ती, आतून दुसरी काच की डबल ग्लेझिंग?

कॉट्सवोल्ड्समधलं दगडी कॉटेज असो की यॉर्कशरचं फार्महाऊस, पहिल्याच हिवाळ्यात खिडकीच्या फटींतून वारा आत शिरू लागतो आणि घरमालक खिडक्या बसवणाऱ्या कंपनीला फोन लावतो. त्याआधी घराचा कायदेशीर दर्जा तपासा: ते लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक वास्तू म्हणून सरकारी यादीत संरक्षित आहे का, ते पाहा. एका घरात परवानगीशिवाय बदलता येणारी खिडकी शेजारच्या घरात बदलली तर फौजदारी गुन्हा ठरू शकते. इथे दिलेले नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडचे वेगळे आहेत.

घर लिस्टेड नसेल तर

बहुतेक घरांना 'परमिटेड डेव्हलपमेंट'ची मुभा असते, म्हणजे खिडक्या बदलायला वेगळा अर्ज लागत नाही. मात्र नव्या खिडक्यांचं साहित्य दिसायला आधीच्यासारखं हवं. वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीत नवी खिडकी काढणार असाल तर काच धूसर हवी आणि खोलीच्या जमिनीपासून 1.7 मीटरच्या खालचा भाग उघडणारा नको.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. फ्लॅटना ही मुभा नाही. गोठ्याचं किंवा धान्यकोठाराचं घर केलेलं असेल, तर मूळ मंजुरीतच एखाद्या अटीने ही मुभा काढून घेतलेली असते आणि ती अट विकत घेणाऱ्याने वाचलेली नसते. तिसरं म्हणजे कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेला परिसर. तेवढ्याने खिडक्या अडत नाहीत, पण कौन्सिलने त्या भागावर 'आर्टिकल 4' (ही मुभा काढून घेणारा आदेश) लावला असेल तर अर्ज करावा लागतो. 1 एप्रिल 2025 पासून त्याची फी 528 पौंड झाली आणि ती दर एप्रिलला महागाईनुसार बदलते. निर्णयाची मुदत आठ आठवडे.

बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाच्या दर्जाचे नियम, हा प्लॅनिंगच्या परवानगीपासून वेगळा विषय आहे. नव्या खिडकीचं यू-मूल्य (उष्णता किती निसटते त्याचं माप) 1.4 किंवा त्याहून कमी, नाहीतर ऊर्जा-श्रेणी किमान 'बी' हवी. राहत्या खोलीत आणि स्वयंपाकघरात हवा खेळती ठेवायला 8000 चौरस मिलिमीटरची झरोकापट्टी, बाथरूममध्ये 4000 ची. फेन्सासारख्या, खिडक्या बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या योजनेत नोंदलेला कारागीर स्वतः प्रमाणपत्र देतो. नोंद नसलेल्याकडून काम करून घेतलं तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे जावं लागतं. हा कागद घर विकताना वकील हमखास मागतो.

घर लिस्टेड असेल तर

वारसावास्तू सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या यादीत घराचं नाव फुकट शोधता येतं. बहुतेक घरं ग्रेड टूची, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीची असतात आणि 'ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भिंत' हा समज साफ चुकीचा आहे. घर आतून-बाहेरून, मागच्या खिडक्यांसकट लिस्टेड असतं.

इथे लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे कौन्सिलची संमती लागते. तिला फी नाही, पण आराखडे आणि अहवाल यांचा खर्च असतोच. संमती न घेता घराचं वैशिष्ट्य बदलणारं काम केलं तर 1990 च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कौन्सिलच्या कारवाईला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या काढून मूळच्या बसवा, अशी नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. म्हणून घर घेण्याआधी बदललेल्या प्रत्येक खिडकीची संमती कागदावर मागा.

आता पर्याय.

दुरुस्ती आणि फटबंदी सगळ्यात स्वस्त, आणि आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. कुजतो तो बहुधा खालचा आडवा दांडा आणि चौकटीचा पाट, कारण पाणी तिथे साचतं. तेवढाच भाग कापून नवं लाकूड सांधता येतं. जुनं पाइन बरेचदा आजच्यापेक्षा घट्ट असतं. वरखाली सरकणाऱ्या सॅश खिडकीत नवा दोर घालून, कडेच्या पट्ट्यांत ब्रश बसवला की वाऱ्याची गळती 86 टक्क्यांपर्यंत घटल्याचं चाचणीत दिसलं आहे. त्याच लाकडाने, त्याच मापाने केलेल्या दुरुस्तीला सहसा संमती लागत नाही. शंका असेल तर कामाआधी कौन्सिलकडून कायदेशीरपणाचा दाखला घ्या, तो मोफत आहे. फटबंदी व्यावसायिकाकडून करून घेतली तर 31 मार्च 2027 पर्यंत तिच्यावर शून्य व्हॅट आहे. नव्या खिडक्यांवर 20 टक्के. रंग खरवडताना सांभाळा, जुन्या थरांत शिसं असतं.

सेकंडरी ग्लेझिंग म्हणजे मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने काढता-घालता येणारी दुसरी काच. उष्णतेची गळती साधारण 60 टक्क्यांनी कमी होते. जाड पडद्यांनी 40 च्या आसपास. उबेसाठी 20 मिलिमीटरचं अंतर पुरतं, रस्त्याच्या आवाजासाठी 100 किंवा अधिक ठेवावं. मूळ लाकूड आणि काच शाबूत राहते म्हणून कौन्सिलचे अधिकारी सहसा आडवे येत नाहीत, पण संमती लागेल का हे लेखी विचारा. बिघडतं ते तपशिलात. नव्या चौकटीचा मधला दांडा जुन्या दांड्याच्या बरोबर मागे आला नाही तर बाहेरून दुहेरी रेघ दिसते. आतल्या लाकडी शटरची घडी अडली तर नकार येऊ शकतो. आणि फटबंदी आतल्या काचेला करावी, बाहेरची खिडकी किंचित श्वास घेती ठेवावी. उलट केलं तर दोन काचांमध्ये पाणी सुटतं आणि बाहेरचं लाकूड कुजतं.

डबल ग्लेझिंगवर, म्हणजे मूळ काचेच्या जागी दोन काचांचं सीलबंद युनिट बसवण्यावर, खरा वाद होतो. नेहमीचं युनिट 24 ते 28 मिलिमीटर जाड असतं, आणि ते पेलायला तावदानांमधल्या नाजूक पट्ट्या जाडजूड कराव्या लागतात. बाहेरून चिकटवलेल्या खोट्या पट्ट्या अधिकारी लगेच ओळखतात. 11 ते 14 मिलिमीटरची सडपातळ युनिटं आणि 6 ते 8 मिलिमीटरची निर्वात काच (दोन काचांमधली हवा काढून टाकलेली) यांनी गणित बदललं आहे. मूळ काच आधीच गेलेली असेल आणि जुनी चौकट पेलत असेल तर हा मार्ग मागण्यासारखा आहे. तिथे जवसाच्या तेलाची पारंपरिक पुट्टी वापरू नका. ती युनिटच्या कडेचं सील खाते आणि काच आतून धुरकटते. युनिट बनवणाऱ्याने मान्य केलेलीच पुट्टी घ्या. हाताने बनवलेली लाटदार जुनी काच शाबूत असेल तर ती काढायचा अर्ज करूच नका. तिच्यात उमटणारं हलतं प्रतिबिंब नव्या काचेला येत नाही, आणि नकारही बहुतेक ठरलेला.

यूपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या खिडक्यांचा प्रश्न लिस्टेड घरात जवळजवळ निकाली आहे: नाही.

म्हणून लिस्टेड घरासाठी आमचा कौल दुरुस्ती आणि फटबंद सेकंडरी ग्लेझिंगच्या जोडीला. लिस्टेड नसलेल्या घरात चौकटी पुरत्या कुजल्या असतील तर लाकडी डबल ग्लेझिंग बिनधास्त घ्या.

अर्जासोबत प्रत्येक खिडकीला क्रमांक देऊन तिचा आतून-बाहेरून फोटो, अवस्था आणि प्रस्तावित काम लिहिलेला तक्ता जोडा. दर्शनी भागाचे आराखडे 1:50 ला, पट्ट्या आणि चौकटीचे छेद 1:5 किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात. 'सगळ्या खिडक्या खराब' एवढ्यावर अर्ज अडतो. कोणती, कुठे, किती कुजली ते दाखवावं लागतं. मंजुरी आली तरी शेवटचं पान वाचा: काम सुरू करण्याआधी छेदांचे आराखडे किंवा नमुना मंजूर करून घ्या, अशी अट बहुधा असते. ती लेखी पूर्ण झाल्याखेरीज सुताराला आगाऊ रक्कम देऊ नका.