क्वाड ४०५ चं रीकॅप किट: निम्मं बसवा, निम्मं डब्यात ठेवा

रीकॅप किट म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधले म्हातारे कपॅसिटर आणि इतर भाग बदलायचं सामान. घ्यावं का? घ्यावं. पण किटमध्ये जे जे आलं ते सगळं बोर्डावर चढवायलाच पाहिजे असं नाही. विकणारा हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माझ्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे क्वाड ४०५, पहिल्या आवृत्तीचा. इंग्लंडात हंटिंग्डनला बनलेला, चॅनेलमागे १०० वॅट, वजन ९ किलो, समोर नुसत्या हीटसिंकच्या पट्ट्या. व्हॉल्यूम नाही, टोन नाही. ओळखीतले एक डॉक्टर तिकडची नोकरी संपवून परतताना घेऊन आले होते. त्यांच्या मुलांना ब्लूटूथचा डबा पुरतो, त्यामुळे हा आमच्या घरी पुण्यात आला. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, तेव्हा घरात कथलाच्या धुराचं कुणाला नवल नाही.

आला तेव्हा वाजत होता, पण दोन्ही स्पीकरमधून बारीक घरघर होती आणि ट्वीटरजवळ (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरजवळ) कान नेला की सूं-सूं. घरघर दोन्हीकडे सारखी, कारण यात दोन्ही चॅनेलना मिळून १०,००० मायक्रोफॅरडचे दोनच मोठे कपॅसिटर आहेत, एक अधिक ५० व्होल्टला, एक उणे ५० ला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या आतला इलेक्ट्रोलाइट हा ओला पदार्थ वाळतोच. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाने सल्ला दिला, “मॅडम, एवढ्या पैशात नवीन येईल, रिमोटवालं.” त्याचं बरोबर असेल. मला रिमोटवालं नको होतं.

किट युरोपातल्या एका विक्रेत्याकडून मागवलं. मूळ किंमत परवडण्यासारखी, पण कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून आकडा जवळजवळ दीडपट होतो, तो आधीच धरून चाला. पुडके मात्र व्यवस्थित. प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर बोर्डावरचा क्रमांक छापलेला, डाव्या-उजव्या चॅनेलचं सामान वेगळं. सूचना इंग्रजीत, फोटो मोठे. ज्याने आधी दोन-चार पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डांवर, हात चालवलाय त्याला अडणार नाही. आत काय? मोठे कपॅसिटर, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, झेनर डायोड, मेटल फिल्म रेझिस्टर, सॉकेटसकट नवे ऑपअँप (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप) आणि ‘पर्यायी सुधारणा’ नावाची एक पिशवी. या पिशवीबद्दल पुढे बोलते.

मोठ्या कपॅसिटरपासून सुरुवात करा, पण स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी ते रिकामे करा. १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टला म्हणजे एकेकात साडेबारा ज्यूल, आणि दोन टोकांमध्ये मिळून १०० व्होल्ट. पक्कडीने शॉर्ट करणारे बहाद्दर असतात. त्यांच्या पक्कडीवर खड्डे असतात. रेझिस्टर लावून सावकाश उतरवावेत आणि मीटरवर शून्य बघूनच आत हात घालावा. जुने डबे जाडजूड, नवे त्याच क्षमतेचे पण निम्म्या आकाराचे. इथे किटवाल्याने हात आखडता घेतलाय: जुन्या क्लॅम्पमध्ये नवा कपॅसिटर खुळखुळतो आणि मधली रिंग वेगळी विकत घ्यावी लागते. एवढे पैसे मोजल्यावर प्लास्टिकची रिंग आत टाकायला काय हरकत होती? मी पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून बसवला. तिथेच २२,००० चे कपॅसिटर जास्त पैसे देऊन घ्या असा आग्रह आहे. मी घेतले नाहीत. चालू करताक्षणी रेक्टिफायर आणि फ्यूजवर येणारा धक्का वाढतो, आणि घरघर तर १०,००० च्या धडधाकट जोडीने पूर्ण गेली.

बोर्डावर ऑपअँपला खालचं व्होल्टेज देणारे झेनर आणि त्यांचे रेझिस्टर आहेत तिथे पीसीबी तापून तपकिरी झाली होती. जुना कथलाचा डाग पंपाने ओढताना घाई केली की तांब्याचा ट्रॅक कपट्यासारखा सुटून वर येतो, म्हणून मी आधी नवं कथील लावून डाग ओला करून घेतला आणि मग ओढला. नवे रेझिस्टर बोर्डाला टेकवून न लावता तीन-चार मिलिमीटर उंच ठेवले, खालून हवा जाते. सूचनांमध्ये हे नाही. असायला हवं होतं.

आता ऑपअँप. पहिल्या ४०५ मध्ये एलएम३०१ए आहे, सत्तरच्या दशकातला सरळमार्गी चिप, स्ल्यू रेट (आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं ते) साधारण अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. किटमध्ये ओपीए१३४ आला, त्याच मापाने २० व्होल्टवाला. बदलताना एक गोष्ट: एलएम३०१ स्थिर राहावा म्हणून पिन १ आणि ८ यांच्यात छोटा कपॅसिटर लागतो, तो नव्या चिपला नको. काढूनच टाकायचा. बदल ऐकू आला, सूं-सूं स्पष्ट कमी झाली. मग सॉकेट होतंच, म्हणून तपकीर गल्लीतून आणलेला साधा टीएल०७१ लावून पाहिला. दोघांतला फरक माझ्या कानांना कळला नाही, नवऱ्याच्या कानांना कळला नाही, आणि भाची व्हायोलिन शिकते, तिलाही नाही. क्वाडने स्वतः पुढे ४०५-२ या नंतरच्या आवृत्तीमध्ये टीएल०७१च घातला. तेव्हा महागड्या चिपचं कौतुक करणाऱ्यांनी जरूर करावं, मी तेवढ्या पैशात ट्रान्झिस्टरखाली घालायची चांगली मायका आणि थर्मल पेस्ट घेईन.

आणि ती पर्यायी पिशवी. तिच्यात ‘ऑडिओ ग्रेड’ रेझिस्टर आणि १२० पिकोफॅरडचा चकचकीत कपॅसिटर आहे. तो बसवायचा म्हणजे या अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्मालाच हात घालायचा. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी १९७५ साली जी ‘करंट डंपिंग’ची युक्ती मांडली तिच्यात दोन माणसं काम करतात: क्लास ए मध्ये, म्हणजे सतत करंट चालू ठेवून, चालणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर कारकुनासारखा चोख हिशेब ठेवतो, आणि मोठे ट्रान्झिस्टर हमालासारखी करंटची पोती उचलतात. हमालाने पोतं थोडं वाकडं टाकलं तरी वहीत चूक उमटत नाही, कारण दोघांच्या मध्ये एक ब्रिज आहे: दोन रेझिस्टर, तो १२० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि साधारण ३ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल. यांचं गुणोत्तर जुळलं की मोठ्या ट्रान्झिस्टरचं डिस्टॉर्शन आउटपुटला पोचत नाही. म्हणूनच आत बायसचा (ट्रान्झिस्टरमधला स्थिर करंट जुळवायचा) एकही प्रीसेट नाही, मेकॅनिकने पेचकस फिरवून बिघडवावं असं काही ठेवलेलंच नाही. ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात लेख छापून आल्यावर हे खरंच असं चालतं का यावर वाचकांनी बराच वाद घातला होता, आणि अजूनही लोक घालतात.

मी एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची क्षमता मोजणाऱ्या मीटरवर) दोन्ही कपॅसिटर मोजले. जुना १२१, नवा १२६. जुना आपल्या जागी बरोबर बसलेला असताना ब्रिजची एक बाजू चार-पाच टक्के सरकवून मी मिळवायचं काय? पिशवी कपाटात गेली. इलेक्ट्रोलायटिक म्हातारे होतात, बदलावेच लागतात. हे छोटे कपॅसिटर आणि कॉइल सहसा होत नाहीत.

आउटपुट ट्रान्झिस्टर किटमध्ये नाहीत, आणि ते बरं आहे. माझे शाबूत होते. तुमचे गेलेले असतील तर एमजे१५००३ चालतो, पण तो फक्त बिलासकट, खात्रीच्या वितरकाकडून घ्या. टीओ-३ च्या (मोठ्या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या) डब्यावर नाव छापून विकलेला नकली माल बाजारात मुबलक आहे. वरून बघून कळत नाही, आत चिप नखाएवढी निघते. दुसरं म्हणजे यात स्पीकर तोडणारा रिले नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर डीसी थेट वूफरवर जाऊ शकतं. महागडे स्पीकर असतील तर किटच्या ऑपअँपवर खर्च करण्याआधी प्रोटेक्शन बोर्ड वेगळा लावून घ्या.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज दिवा लावायचा, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाईल असा, जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, आणि साधा बल्ब शोधायला आता किराणा दुकानातल्या मागच्या फळीपर्यंत जावं लागतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. आउटपुटला डीसी दोन्हीकडे दहा मिलिव्होल्टच्या आत होतं. मगच स्पीकर जोडले.

अजून एक अडचण किट सोडवत नाही. ४०५ ला पूर्ण आवाजासाठी फक्त अर्धा व्होल्ट पुरतो, आणि आजचा डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) किंवा सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. मागच्या यंत्राचा व्हॉल्यूम थोडा सरकवला की घर हादरतं, वरचा सगळा फेरा वाया. १० किलोओहम सिरीजमध्ये आणि ३.३ किलोओहम ग्राउंडला, एवढ्या दोन रेझिस्टरांनी सिग्नल साधारण पाव होतो. मी ते इनपुटच्या डिन या जुन्या पद्धतीच्या गोल प्लगमध्येच डागले. खर्च चहापेक्षा कमी.

आवाजाचं? घरघर नाही, सूं-सूं नाही. किशोरीताईंचं गाणं लावलं की तानपुऱ्याची तार आणि मागची शांतता वेगवेगळी ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा सैल पडत नाही. ‘पडदा उठला’ वगैरे मी म्हणणार नाही. १९७५ चं डिझाइन जे देत होतं ते पुन्हा द्यायला लागलं, इतकंच.

पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन. रिंग आत टाकली असती आणि पर्यायी पिशवी वगळून किंमत कमी केली असती तर साडेचार. ऑर्डर करण्याआधी झाकण उघडून बोर्डावर छापलेला नंबर वाचा: ४०५ आणि ४०५-२ ची किटं वेगळी असतात, आणि चुकीचं आलं तर परत पाठवायचं कुरिअर तुमच्याच खिशातून.